थ्री नॉट थ्री भेट द्यायची झाली तर

हडपसरच्या एखाद्या सोसायटीत संध्याकाळी कट्ट्यावर चार निवृत्त माणसं बसलेली दिसली, तर त्यांतल्या एखाद्याने तरी कधी ना कधी थ्री नॉट थ्री खांद्याला लावलेली असण्याचा संभव बराच. रामटेकडीवर राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, पलीकडे वानवडी-घोरपडीची लष्करी वस्ती आहे, आणि कॉलेजात एनसीसी केलेल्या पिढ्या तर घरोघरी आहेत. या भागाला ती रायफल पुस्तकातून माहीत झालेली नाही. तिचं वजन चार किलोच्या आसपास. उन्हात तासभर ती खांद्यावर वागवलेल्याला ते वजन म्हातारपणीही आठवतं, आणि बट खांद्यात नीट रोवला नाही म्हणून बसलेला दणकाही.

अशा माणसाची पंचाहत्तरी आली की ‘बाबांना एक जुनी लष्करी रायफल देऊ, दिवाणखान्यात शोभेल’ असं मुलांच्या मनात येणं साहजिक आहे. त्यातून मुलगा मगरपट्ट्यातल्या नोकरीवरून टेक्ससला गेलेला असेल तर बोलायलाच नको. महायुद्धात लढलेल्या ब्रिटिश, रशियन, जर्मन रायफली तिथल्या दुकानांत रांगेने लावलेल्या असतात, आणि त्यांत अधूनमधून एखादी आपल्या बंगालातल्या इशापूर कारखान्याची निघते. भारताने वापरून बाद केलेल्या कितीतरी ली-एन्फिल्ड, म्हणजे थ्री नॉट थ्रीच, अमेरिकेच्या बाजारात गेल्या. इशापूरला बनलेली रायफल डॅलसमध्ये मिळते आणि पुण्यात मिळत नाही, हे ऐकून कुणीही चक्रावेल.

पण आहे ते असं आहे. आपल्याकडे लष्कराने किंवा पोलिसांनी मोडीत काढलेल्या रायफली सामान्य नागरिकाला विकल्या जात नाहीत. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात थ्री नॉट थ्रीला समारंभाने निरोप दिला, तेव्हा अनेकांना वाटलं, आता या रायफली स्वस्तात मिळतील. तसं होत नसतं. म्हणून इथे रायफल भेट देण्याचा विचार उलट्या टोकाने करावा लागतो. अमेरिकेतला हौशी माणूस आधी रायफल बघतो, तिची नळी न्याहाळतो, मग कागदपत्रांकडे वळतो. इथे आधी घेणारा माणूस बघायचा, मग बोअर (नळीच्या भोकाचं माप), मग कागद, आणि नळी सर्वांत शेवटी.

घेणाऱ्यापासून सुरुवात करू. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या लेखी विकणं आणि फुकट देणं यांत फारसा फरक नाही. भाड्याने देणं, उसनं देणं, भेट देणं, ताबा सोडणं, हे सगळं ‘हस्तांतरण’ या एकाच सदरात येतं. तेव्हा ‘मी कुठे पैसे घेतले?’ हा बचाव चालत नाही. घेणाऱ्याचं वय २१ पूर्ण हवं आणि त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना त्याच्याकडे आधी हवा. पुणे शहरात हा परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो, आणि तो का हवा याचं पटेल असं कारण द्यावं लागतं. स्वतःचं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला देण्याआधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचं पोलीस ठाणे यांना लेखी कळवावं लागतं, आणि कळवल्यापासून ४५ दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हातातून हलवता येत नाही. म्हणजे आजोबांचा वाढदिवस दिवाळीत असेल तर अर्ज गणपतीतच टाकायचा. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. ज्याच्याकडे आधीच दोन आहेत त्याला तिसरी भेट देणं म्हणजे त्याला अडचणीत टाकणं.

आता बोअर. सगळ्या प्रकरणाचा काटा इथेच अडतो, म्हणून थोडं मागे जाऊ.

.३०३ हे काडतूस ब्रिटिश सैन्यात १८८८ साली आलं. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या कारागिराचा बोल्ट आणि लंडनजवळच्या एन्फिल्ड कारखान्यात ठरलेले नळीचे आटे, यांच्या जोडीतून ली-एन्फिल्ड झाली. १९०७ मध्ये आलेली तिची मार्क थ्री ही आवृत्ती आपल्याकडच्या लोकांच्या ओळखीची: आखूड, बोथट नाकाची, दहा गोळ्यांच्या मॅगझीनची. बोल्ट इतका सुरेख सरकतो की शिकलेला शिपाई नजर निशाणावरून न हलवता भराभर गोळ्या झाडू शकतो. या रायफलीची काडतुसं आपल्या दाराशी बनत होती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तिथल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर उमटवलेली ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं जगभरच्या संग्राहकांना पाठ आहेत, इतकी की अमेरिकेतल्या एखाद्या म्हाताऱ्याला पुणे कुठे आहे ते ठाऊक नसेल, पण ‘किर्की’ (खडकी) माहीत असतं.

इंग्रजांना या रायफलीबद्दल एक धास्ती होती. सैन्याचीच गोळी ज्यात बसते अशी बंदूक रयतेच्या हाती गेली, तर कोठारातून चोरलेली काडतुसंही तिच्याकडेच जाणार. १८७८ च्या लिटनच्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाचे हात आधीच बांधले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लष्करी बोअर खाजगी वापरासाठी बंद करण्याचं धोरण आलं आणि त्याचा फटका वाघ मारणाऱ्या साहेबांनाही बसला. त्यांच्या लाडक्या .४५० बोअरच्या जड रायफली हिंदुस्थानात आणायला मनाई झाली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्रीचा बोअर तोच. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४७० सारखे नवे बोअर काढून धंदा सांभाळला. .३०३ ची पर्यायी वाट याच दिवसांतली. ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं जुनं ८ मिलिमीटरचं काडतूस घेऊन बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली-एन्फिल्डच्याच घडणीची .३१५ रायफल हिंदुस्थानी बाजारासाठी बनवली. यंत्रणा तीच, बोल्ट तोच, पण सैन्याची गोळी बसणार नाही.

इंग्रज गेले आणि नियम राहिला. आजही .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची लष्करी गोळी ज्यात बसेल अशी कुठलीही रायफल निषिद्ध बोअरमध्ये मोडते. ९ मिलिमीटर आणि .४५ च्या पिस्तुलांचंही तेच. हे बोअर पोलीस आयुक्तांच्या हातात नसतात, त्यासाठी दिल्लीला केंद्र सरकारकडे जावं लागतं. परवान्याशिवाय असं शस्त्र जवळ सापडलं तर २०१९ पासून शिक्षा किमान ७ वर्षं, आणि ती १४ वर्षांपर्यंत जाऊ शकते. ‘भिंतीवर टांगायला ठेवली होती’ याने ती कमी होत नाही.

तेव्हा गावाकडे कुणी अभिमानाने ‘आमच्या वाड्यात थ्री नॉट थ्री आहे’ म्हणालं, तर बहुतेक वेळा ती .३१५ असते. इशापूरचा कारखाना स्वातंत्र्यानंतर ही स्पोर्टिंग रायफल बनवत आला. तिचं लाकूड अर्ध्यावर कापलेलं आणि मॅगझीन लहान. बोल्ट मात्र ओढून पाहिला तर माजी शिपाई लगेच ओळखतो. लष्करी थ्री नॉट थ्रीच्या सर्वांत जवळची आणि कायदेशीरपणे घरात ठेवता येणारी वस्तू हीच. परवानाधारक आजोबांना ‘जुन्या दिवसांची’ म्हणून काही द्यायचंच असेल, तर माझं मत .३१५ ला. नवी चकचकीत घेण्यापेक्षा कुणा परवानाधारकाकडची जुनी, नीट राखलेली मिळाली तर अधिक बरं. तिच्यात थोडा इतिहास तरी असतो.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, की पुरातन शस्त्राला सूट असते ना? असते, पण फार अरुंद. कायद्याच्या ४५ व्या कलमातली सूट जुन्या घडणीच्या, पुराण मूल्याच्या किंवा मोडक्या अशा शस्त्राला आहे, जे दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून चालणार नाही. खुद्द हडपसरचंच उदाहरण घेऊ. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला आणि वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, वसईचा तह करून बसला. दोन्हीकडे युरोपीय पद्धतीने कवायत केलेल्या पलटणी होत्या, त्यांच्या हातात ठासणीच्या गारगोटी बंदुका. समजा त्या लढाईतली एखादी बंदूक कुणाच्या माळ्यावर सापडली. नळी गंजून बंद झालेली, घोडा गायब, दस्ता किडलेला असेल तर ती सुटेल. पण दारू ठासून बार उडवता येत असेल, किंवा लोहाराकडून उडवता येईल अशी करता येत असेल, तर दोनशे वर्षांची झाली तरी ही सूट मिळत नाही.  आणि काय चालेल, काय चालणार नाही, हे घरच्यांनी ठरवायचं नसतं. माळ्यावर असं काही सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवणं हाच शहाणपणा.

शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो, आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातली इशापूरची रायफल आता या वयाची झाली आहे. म्हणजे डॅलसच्या मुलाला पुण्याहून ती पाठवण्याचा रस्ताही बंद.

डॅलसमध्येच कुणाला द्यायची असेल तर? तिकडे ५० वर्षांवरची मूळ अवस्थेतली रायफल संग्राहकाच्या सदरात जाते आणि तिच्यासाठी संग्राहकाचा वेगळा परवानाही मिळतो. स्वतःच्या पैशाने विकत घेऊन खरीखुरी भेट देणं तिथे कायदेशीर आहे, मात्र दुसऱ्याच्या पैशाने, त्याच्या वतीने, आपल्या नावावर घेणं हा गुन्हा आहे. दुसऱ्या राज्यातल्या मित्राला द्यायची तर त्याच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानामार्फत. आपल्या मंडळींना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक बाळगणंच तिथे सर्वसाधारणपणे बेकायदा आहे. शिकारीचा वैध परवाना असला तर अपवाद होतो. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत टीममधल्या नव्या मराठी मुलाला ‘वेलकम गिफ्ट’ म्हणून रायफल देणाऱ्या अमेरिकी सहकाऱ्याने त्याच्यावर उपकार केलेले नसतात.

तिथे निवडायचीच असेल तर इशापूरची शोधावी. मूठभर खुणा कळल्या की ती वाचता येते. बोल्टजवळच्या कड्यावर मुकुट आणि ‘जीआरआय’ ही अक्षरं असतील तर ती इंग्रजी अमलातली; मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आरएफआय’ असेल तर स्वातंत्र्यानंतरची. मॅगझीनच्या पुढे लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू दिसला तर ती भारतात दुरुस्त होऊन मजबूत केलेली. संग्राहक त्याला ‘इशापूर स्क्रू’च म्हणतात. काहींच्या पुढच्या लाकडावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली असते. ती नक्षी नव्हे. रायफलीच्या तोंडावरून बॉम्ब फेकताना लाकूड फुटू नये म्हणून केलेली ती सोय आहे. बोल्ट आणि कडं यांवरचे नंबर जुळतात का, हे पाहिलं की ती रायफल एकसंध आहे की चार रायफलींचे तुकडे जोडून केलेली, ते कळतं.

१९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने याच घडणीत ७.६२ मिलिमीटरची टू-ए आणि मग टू-ए-वन रायफल बनवली. पोलादही सुधारलं. मॅगझीन बारा गोळ्यांचं. टू-ए-वनचा मागचा नेमखाचा २००० ऐवजी ८०० मीटरपर्यंतच आखलेला, म्हणजे कुणीतरी शेवटी कबूल केलं की दोन किलोमीटरवर रायफलीने कुणी नेम धरत नसतं. लष्करी बोल्ट रायफलींच्या वंशात सर्वांत उशिरा जन्मलेल्यांपैकी ही एक. भारतीय लष्कराच्या इतिहासाची गोडी असलेल्या माणसाला यापेक्षा नेमकी भेट नाही, पण ती अमेरिकेतल्याच माणसाला.

जुनी .३०३ घेणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळच्या लष्करी काडतुसांच्या टोपीत असे क्षार असत की बार उडाल्यावर नळीत मिठासारखा थर राहतो, हवेतला ओलावा ओढतो आणि पोलाद खातो. तेलाच्या चिंधीने तो निघत नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणून जुने शिपाई नळीत आधी उकळतं पाणी ओतत आणि मगच तेल लावत. आतून खड्डे पडलेली नळी दिसली की समजावं, कुणीतरी पाण्याचा कंटाळा केला होता.

परत हडपसरला. इथे खरी जुनी रायफल ‘देण्या’चा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे वारसाचा. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी तरतूद आहे. परवानाधारक वारला तर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना मागता येतोच. पण धारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, यांतलं जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. त्या वारसाने रीतसर अर्ज करायचा, प्रशिक्षणाचं आणि आरोग्याचं प्रमाणपत्र द्यायचं, शस्त्र ठेवण्याची सुरक्षित जागा दाखवायची, पोलीस चौकशी पार पाडायची. दोन बंदुकांची मर्यादा वारसाहक्कालाही लागू आहे. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. आजोबा गेल्यावर कपाटात सापडलेल्या बंदुकीभोवती घरात जे रामायण घडतं, ते त्यांच्या हयातीतच टळतं. आणि नातू किंवा नात त्यांच्याकडून बोल्ट कसा काढायचा, काडतुसं वेगळ्या कुलपात का ठेवायची, आचारसंहिता लागली की ठाण्यात शस्त्र जमा करून पावती कशी जपायची, हे शिकते. नातवाला बंदुकीची गोडी नसेल तर मात्र गळ घालू नये. परवानाधारक दुकानाला रीतसर विकून मोकळं व्हावं.

निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या घरात कधीकधी ‘नॉन सर्व्हिस पॅटर्न’ म्हणून ओळखलं जाणारं शस्त्र असतं. लष्कराच्या जबलपूरच्या कोठारातून अशी शस्त्रं अधिकाऱ्यांना वैयक्तिक म्हणून मिळत. राजस्थानात ती परस्पर बाहेर विकली गेल्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. काकांनी ‘तुला ठेव, आठवण म्हणून’ म्हणत असं काही पुढे केलं, तर प्रेमाने नको म्हणावं.

रायफल नाही तर निदान तिची संगीन? १९०७ च्या संगिनीचं पातं १७ इंचांचं. ९ इंचांवरचं पातं शस्त्राच्या यादीत येतं, आणि तलवारीने केक कापला म्हणून वाढदिवसाच्या मुलावरच गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या पुणेकरांना नव्या नाहीत. काडतुसाचं लॉकेट किंवा किल्लीची साखळी त्याहून वाईट. एक जिवंत काडतूस विसरून बॅगेत राहिलं, तर लोहगावच्या विमानतळावर सुटी संपते आणि चौकशी सुरू होते. लग्नात हवेत बार काढण्यासाठी बंदूक ‘एका दिवसापुरती’ मागणाऱ्या मामांना सांगावं, की आनंदाच्या भरात केलेला निष्काळजी गोळीबार हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पाण्याच्या लष्करी बाटल्या, मेसचे डबे, पट्ट्यांची पितळी बक्कलं शोधत फिरणं हा त्यापेक्षा निर्धोक छंद. आणि ज्याला खरोखर नेम धरायचा आहे, त्याला बालेवाडीच्या रेंजवरचा महिन्याभराचा वर्ग भेट द्यावा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच पुण्यात सराव करून घडला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेऊन आला. एनसीसीत .२२ चालवलेल्या पंचाहत्तरीच्या आजोबांनाही दहा मीटरवर एअर रायफलने पुन्हा नेम धरताना जी मजा येते, ती भिंतीवरच्या वस्तूत नाही.

घरात वारशाची परवान्याची रायफल असेलच, तर वारसाच्या अर्जाआधी आजोबांसमोर वही घेऊन बसावं. कुठल्या दुकानातून, कोणत्या साली, कुणाकडून घेतली, आधीचा मालक कोण, नळीवरचा नंबर काय, परवान्यावर तोच नंबर आहे ना, कधी दुरुस्तीला दिली होती, शेवटचा बार कधी उडाला. परवान्यावरचा एखादा आकडा चुकीचा निघाला, तर तो दुरुस्त करून घ्यायला आयुक्तालयात सही करणारा माणूस अजून घरात बसलेला असतो.